आणखी आवळा, आणखी गळेल

टप... टप... टप. आणि घरातला प्रत्येक जण जाता-येता नळ जोर लावून आवळून जातो. अरे, आवळून गळती थांबली असती तर वायसर कशाला विकत मिळाला असता! आत अंगठ्याच्या नखाएवढा रबरी वायसर असतो. तो पितळी सीटवर, म्हणजे पाणी येतं त्या भोकाच्या गोल काठावर, दाबून बसला की पाणी थांबतं. जोर लावला की सीटची गोल खाच रबरात कोरली जाते, मग टपटप कायमचीच.

दुसरी जमात टेफ्लॉनवाल्यांची. गळतंय तोंडातून आणि हे टेप गुंडाळतायत भिंतीकडच्या आट्यांवर!

खरं काम वीस मिनिटांचं. टाकीकडचा कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, मोरीच्या जाळीवर फडकं टाका (स्क्रू हमखास तिथेच पडतो). मुठीचा स्क्रू काढा, पान्याने नट फिरवा, स्पिंडल (मुठीखालचा दांडा, त्याच्याच टोकाला वायसर) बाहेर. जुना वायसर खिशात घालूनच दुकानात जा. नुसतं ‘अर्धा इंची द्या’ म्हणून आणलेला बसेलच असं नाही. बसवण्याआधी सीटवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर नवा वायसरही लवकरच फाटणार. क्षार असतील तर व्हिनेगर लावून घासा. पितळच झिजलं असेल तर नळच बदला.

आणि पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतोच, सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यालाही आवळतात लोक! तिथे वाळूचा एक कण पुरतो. चकत्यांचं अख्खं कार्ट्रिज (आतला सुटा भाग) बदला, तेही जुनं सोबत नेऊन, कारण मूठ बसते तिथले दाते कधी 20, कधी 24.