कॅसिनो त्यांना कुणी वाटले नाहीत

उन्हाळा लागला की डेट्रॉईटकडच्या मराठी ग्रुपांवर मिशिगनच्या उत्तरेकडच्या मॅकिनॉच्या सहलीचे बेत सुरू होतात आणि दरवर्षी तोच मेसेज फिरतो : 'वर आदिवासींचे कॅसिनो लागतील. सरकारने फुकट वाटलेत. टॅक्स शून्य, प्रत्येकाला घरबसल्या चेक. तिकडच्या सगळ्या आदिवासींची चंगळ आहे.'

मला सगळ्यात जास्त लागतं ते 'फुकट वाटलेत'. १९८३च्या ३१ डिसेंबरला लेक सुपीरियरच्या काठी किविनॉ बे जमातीतल्या फ्रेड डकोटा यांनी कॅसिनो उघडला, तो दोन गाड्यांच्या गॅरेजात. तो पुढे कोर्टाने बंद पाडला. १९८४च्या ४ जुलैला ब्रिमलीजवळ बे मिल्स जमातीने स्वतःचा किंग्ज क्लब सुरू केला. एवढं धाडस आलं कुठून? मिनेसोटातल्या ओजिब्वे या आदिवासी समाजातल्या एका जोडप्याला त्यांच्या मोबाईल होमवर १४७ डॉलर ९५ सेंटची कराची बिलं आली होती. ते भांडले, आणि राखीव भूमीवर राज्याला असा कर लावता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९७६ साली दिला. त्याच धाग्याने १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या कॅबझॉन जमातीचा बिंगो आणि पत्त्यांचा खेळ टिकला. मग आदिवासींच्या जुगारावरचा १९८८चा केंद्राचा कायदा आला. त्याने काही बहाल केलं नाही, होत्या हक्काला कुंपण घातलं : मोठे खेळ चालवायचे तर आधी राज्याशी करार करा.

आणि फुकटाचाच हिशेब काढायचा तर १८३६चा तह बघा. ओडावा आणि ओजिब्वे लोकांकडून त्या एका तहात सुमारे १ कोटी ३८ लाख एकर जमीन गेली. आजच्या मिशिगनचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा तुकडा.

टॅक्सचं थोडक्यात. जमातीतली माणसं संघराज्याचा आयकर तुमच्या-माझ्यासारखाच भरतात. जमात स्वतः भरत नाही, कारण ती एक सरकार आहे. राज्याची लॉटरी तरी कुठे आयकर भरते? शिवाय मिशिगनच्या १९९३च्या करारांपासून कॅसिनोतल्या जुगारयंत्रांच्या उत्पन्नातले २ टक्के आसपासच्या स्थानिक संस्थांना जातात.

चेक काही जमाती देतात, हे खरं. पण त्यासाठी केंद्राची मंजुरी लागते आणि त्या रकमेवर आयकर लागतो. नफा कशावर खर्चायचा हेही कायद्यात लिहिलंय : जमातीचा कारभार, सदस्यांचं कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म, स्थानिक संस्था. गोव्यात मांडवीतल्या जहाजांचा नफा कंपनीच्या मालकांकडे जातो. इथे मालक म्हणजे अख्खी जमात. बे मिल्सला गेलात तर त्यांचं कम्युनिटी कॉलेजही बघा, ब्रिमलीतच आहे. तिथे जमातीबाहेरची मुलंही शिकतात.

राहिलं 'सगळ्या आदिवासींची'. केंद्राची मान्यता असलेल्या सुमारे पावणेसहाशे जमातींपैकी निम्म्यासुद्धा जुगाराच्या धंद्यात नाहीत. मॅकिनॉला जाताना आय-७५ वर इंडियन रिव्हर गाव लागतं, तिथेच बर्ट लेक आहे. या तळ्याकाठी १५ ऑक्टोबर १९०० रोजी शेरीफने तिथल्या आदिवासींच्या बायकामुलांना घराबाहेर काढलं, लाकडी घरांवर रॉकेल ओतलं आणि वस्ती पेटवून दिली. कारण दिलं थकलेल्या टॅक्सचं. जमीन मात्र या आदिवासींनी स्वतःच्या पैशाने घेऊन गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवलेली होती. त्यांच्या वंशजांची मान्यतेची मागणी २००६ साली केंद्राने फेटाळली, आणि मान्यता नाही म्हणजे कॅसिनोही नाही.