टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचाय, गुन्हा केलाय का बे?

मला एक साधी गोष्ट सांगा कुणीतरी. ओटीटीचे पैसे मी भरतो, तेही सगळ्यात महागड्या प्लॅनचे. टीव्ही माझा, ४केचा. कॉम्प्युटर माझा, नेटचं बिल माझं. मग चित्र किती स्वच्छ दिसणार हे आत कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे त्यावर का ठरतंय?

घरात डेस्कटॉप पडून होता, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-५. धडधाकट मशीन. म्हटलं, टीव्हीखाली ठेवू. मे महिन्यात सोलापुरात दुपारी दाराबाहेर पाय टाकवत नाही, आई-आप्पा पंख्याखाली निवांत पिक्चर बघतील. एवढीच अपेक्षा, बाकी काय मागितलं नव्हतं.

विंडोज १० त्यात होतंच, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. ११ टाकावं तर टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. गंमत बघा, विंडोजवर नेटफ्लिक्स ४केमध्ये बघायला हीच सातवी पिढी चालते! म्हणजे पिक्चर दाखवायला मशीन लायक, आणि नव्या विंडोजच्या लेखी भंगार. वर ते ४के क्रोममध्ये नाहीच. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर उघडा नाहीतर नेटफ्लिक्सचं अ‍ॅप उघडा, आणि कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत सगळं एचडीसीपी २.२ वालं पाहिजे, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या चित्राची कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप.

मग मित्र आला शहाणपण घेऊन. "लिनक्स टाक की बे, फुकटंय." विंडोजच्या जागी ही फुकटची सिस्टिम टाकली. मशीन पळतंय सुसाट, मान्य. पण लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये वाइडव्हाइनचं, म्हणजे पिक्चरची चोरी रोखणारं गुगलचं कुलूप नुसतं सॉफ्टवेअरचं, म्हणून बऱ्याच ओटीटीवाल्यांचा त्यावर भरवसा नाही. ४के विसराच, कित्येक ठिकाणी फुल एचडीसुद्धा नाही. पैसे पूर्ण, चित्र मात्र पाण्यात भिजलेल्या पेपरासारखं.

लिब्रेइलेक नावाची टीव्हीसाठीची छोटी सिस्टिम बरी आहे, खरंच बरी आहे. चालू केलं की थेट कोडी हा पिक्चर लावायचा प्रोग्रॅम उघडतो, आप्पांच्या हार्डडिस्कवरचे जुने मराठी पिक्चर लोण्यासारखे चालतात. पण त्यात आधीपासून ब्राउझर नाही, आईच्या मालिकांचं काय करू? कॉम्प्युटरवर अँड्रॉइड टाकायचाही सल्ला मिळाला. त्याला ओटीटीवाल्यांची मान्यता नाही, पुन्हा तेच धुरकट चित्र.

नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, "कशाला डोकं खाताय सायेब, टीव्हीला खुपसायची ओटीटीची स्टिक घ्या की एक." अहो, त्या एवढ्याशा स्टिकमध्ये आप्पांची हार्डडिस्क कुठं खुपसू?

आणि रिमोट! मायक्रोसॉफ्टनं २००२ साली रिमोटवर चालणारं मीडिया सेंटर काढलं होतं. दिवाणावर बसून बटण दाबा, झालं. २०१५ ला विंडोज १० आलं आणि तेच काढून टाकलं. टीव्हीच्या रिमोटनं कॉम्प्युटर चालवायला सीईसी लागतं, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतूनच रिमोटचा हुकूम पोचवायची सोय. रास्पबेरी पाय नावाच्या एवढ्याशा कॉम्प्युटरला ते येतं, पण मोठमोठ्या ग्राफिक्स कार्डांना सहसा येत नाही, वेगळं यूएसबीचं डबडं घ्यावं लागतं. तोवर माझी आई मांडीवर कीबोर्ड घेऊन बसते. परवा म्हणाली, "हे बघण्यापरीस टाइपिंगची परीक्षा दिली असती."

डोकं कशानं फिरतं सांगू? चोरून उतरवलेला पिक्चर कोणत्याही सिस्टिमवर चालतो. लिनक्सवर चालतो, जुन्या विंडोजवर चालतो, त्याला ना टीपीएम लागत ना एचडीसीपी. पेनड्राइव्ह भरून आणणारा शेजारी पाय पसरून ४के बघतोय, आणि रीतसर पैसे भरणारा मी सेटिंगं उकरत बसलोय. कुलूप नेमकं कुणासाठी लावलंय बे हे?

सध्या एकाच मशीनवर दोन सिस्टिम टाकल्यात, एक आईच्या मालिकांना, एक आप्पांच्या पिक्चरांना. मशीन चालू झालं की काळ्या पडद्यावर यादी येते, आप्पा चष्मा चढवून स्वयंपाकघराकडं ओरडतात, "आगं, आज मालिका का पिक्चर?" चुकीचं निवडलं की बंद करून परत पहिल्यापासून. महिन्याचे पैसे मात्र बिनचूक कापले जातात. तिथं कुणी विचारत नाही सिस्टिम कुठली म्हणून.