रद्दीवर शिकवायचं का?

"एवढी फी भरतो ती काय मुलांना रद्दीवर शिकवायला?"

आज दुपारी लेकीच्या शाळेच्या पालक ग्रुपवर हा मेसेज आला. शाळेने नुसतं विचारलं होतं की पुढच्या वर्षीची वर्कबुकं रिसायकल्ड कागदावर छापली तर चालतील का. त्यावर हे उत्तर, आणि उत्तराला सतरा अंगठे. मी फोन उपडा टाकला, भांडी घासली, तरी डोक्यातून जाईना. म्हणून इथे ओततेय.

माझं सहावीचं भूगोलाचं पुस्तक चौथ्या हातचं होतं. आम्ही तेव्हा कराडला. आतल्या पानावर आधीच्या तिघींची नावं, प्रत्येकीवर एक आडवी रेघ आणि खाली पुढची. कागद मळकट, खरबरीत. पेनाने नाव लिहिलं तर शाई फुटली आणि माझ्या नावाला मिशा आल्या. नकाशात कृष्णा-कोयनेच्या संगमावर कुणीतरी पेन्सिलीने इवलीशी होडी काढली होती. ती कुणाची, तिघींपैकी एकीनेही कबूल केलं नाही. त्या मळकट कागदाने आमचे डोळे गेले नाहीत की मार्क कमी पडले नाहीत. (मार्क कमीच होते, पण त्याला कारणं वेगळी.)

आणि योगायोग बघा, आज सकाळीच मी रद्दीच्या दुकानात होते. माझ्या पुढे एक गृहस्थ अख्खी गोणी घेऊन. आठवीचा पूर्ण संच. दुकानदार एकेका पुस्तकाचं प्लास्टिकचं कव्हर टराटरा फाडत होता, कारण प्लास्टिक कागदात चालत नाही. विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं तर पाठीचा कणासुद्धा मोडलेला नव्हता. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच बारीक अक्षरात छापलेलं असतं: कागद ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह. म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम, धडधाकट कागद. दहा महिन्यांत वजनकाट्यावर!

रद्दीवर शिकवायचं का म्हणे. अहो, तुम्ही नव्या कागदाचीच रद्दी करताय ना!

तुमच्या दारात रोज जे ऑनलाइनचं खोकं येतं ते कशाचं असतं? सकाळच्या पेपरातही बऱ्याचदा रद्दीचा लगदा असतो. तिथे नाक मुरडत नाही कुणी. हा कागद कोण गोळा करतं तेही ठाऊक आहे सगळ्यांना. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कागद पहिला. त्या बायकांनी उन्हात बसून निवडलेल्या कागदाचं खोकं झालं तर चालतं, फक्त आमच्या बाळाचं पुस्तक व्हायला नको.

बरं, रिसायकल्ड कागद थोडा काळपट दिसतो, दर वेळी तंतू आखूड होतात म्हणून नवा लगदा मिसळावा लागतो, शाई काढायलाही पाणी आणि केमिकल लागतं. मान्य. पण पन्नास टक्के जुना, पन्नास टक्के नवा, एवढं तरी करा! इथे शंभर प्रकाशकांच्या पाया पडायचं नाहीये. राज्याची शालेय पुस्तकं १९६७ पासून बालभारती काढते. कागदाच्या टेंडरमध्ये एक अट घातली की गिरण्या आपोआप वळतील.

पण सरकारचंही काय सांगावं. २०२३ मध्ये दप्तर हलकं करायला म्हणून पुस्तकाचे चार भाग केले आणि मध्ये कोरी पानं घातली. मुलांनी पानं भरली की पुस्तक पुढच्याला द्यायचं कसं? २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला म्हणा. माझ्या भूगोलात कोरी पानं असती तर होडीच्या जागी आख्खी गृहपाठाची वही मिळाली असती मला.

कॉलेजांना तर हात जोडावेत. भाच्याचं इंजिनिअरिंगचं जर्नल: एकाच बाजूला लिहायचं, दुसरी बाजू कोरी, वर प्रोजेक्टची कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. सर सही करतात आणि वर्षअखेर सगळं त्याच काट्यावर. पाठपोट लिहिलं तर ज्ञान कमी होतं का हो? रिसायकल्ड राहू द्या, आधी मागची बाजू तरी वापरा.

एवढं लिहून जरा राग उतरला. त्या मेसेजवाल्या बाईंचंही कळतं मला. आपल्याला जुनं मिळालं, पोरांना तरी कोरं करकरीत मिळावं, असं वाटतंच. नव्या पुस्तकाचा वास मलाही आवडतो. मोठ्या बहिणीचा फ्रॉक घालून शाळेत जाणं काय असतं, ते तिच्या धाकटीलाच माहीत. पण भूगोलाच्या त्या पुस्तकाची लाज वाटल्याचं मला आठवत नाही. उलट माझ्या नावावर रेघ मारून आत्याच्या मुलीने खाली तिचं लिहिलं तेव्हा मी रुसले होते. पुढे ते कुठे गेलं कोण जाणे. एव्हाना कुठल्या तरी पुठ्ठ्यात असेल, होडीसकट.

ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. सतरा अंगठ्यांपुढे धीर होत नाही खरं तर. रात्री लिहीन.

आणि हो, ते विज्ञानाचं पुस्तक मी रद्दीवाल्याला दहा रुपये देऊन घेऊन आलेय. नावाचं स्टिकर काढलंय, थोडा चिकटपणा राहिलाय. कुणाचं पोर यंदा आठवीत जात असेल तर कळवा.