कमिशनर येती घरा

तालुक्याच्या गावात झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असं दुकान चालवत असाल तर हा मजकूर प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवा. सॉफ्टवेअर कॉपीराइटच्या दाव्यात दिल्लीच्या कोर्टाने नेमलेले कमिशनर तुमच्याकडेही येऊ शकतात. दिग्रस-दारव्हा रोडवरच्या माझ्या दुकानात मागच्या आठवड्यात येऊन गेले. तेव्हा कसं वागावं हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ही फुकट सेवा.

गाडी थांबल्याबरोबर "धुऱ्याची मोजणी हाय का जी?" असं विचारू नका. आपल्याकडे कोर्ट कमिशनर म्हणजे शेताच्या भांडणात नकाशा घेऊन येणारा माणूस. हे साहेब निराळे. यांच्यासोबत दावा लावणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचे वकील, कंपनीचाच तांत्रिक तज्ज्ञ आणि ठाण्यातला एक शिपाई असतो. शिपाई आपल्याच गावचा. त्याच्या सातबाऱ्याची प्रिंट कालच तुम्ही काढून दिलेली असते, पण आज तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहील. वाईट वाटून घेऊ नका.

चहा सांगा. साखर कमी.

"आधी नोटीस काहून नाही दिली?" हा अडाणी प्रश्न तर मुळीच नको. नोटीस दिली तर तुम्ही पुरावा पुसून टाकाल ना! 1975 साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने अँटन पिलर या जर्मन कंपनीच्या दाव्यात अशीच न कळवता झडतीची वाट मोकळी केली. आपल्याकडे ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26 (कमिशनर नेमणं) आणि ऑर्डर 39 (तात्पुरती मनाई) मधून येते. तिकडे पुढे 1992 च्या एका खटल्यात उघड झालं, की सकाळी सव्वासातला माणसं एका बाईच्या घरात शिरली होती, ती एकटी आणि मुलं अंथरुणात. त्यावर न्यायाधीशांनी कान उपटले. आपण भाग्यवान, आपल्याकडे दुकान उघडल्यावर आले.

दाव्यातलं सॉफ्टवेअर ओळखीचं असल्यासारखा चेहरा ठेवा. माझ्यावरचा आरोप यंत्राचे सुटे भाग आखायच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचा आहे. मी लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं आणि पीक विम्याचे फॉर्म करतो. ते सॉफ्टवेअर माझ्या जुन्या संगणकावर टाकलं तर संगणक उठायचाच नाही. पण असं बोललात की तज्ज्ञ म्हणतात, "सगळे असंच म्हणतात."

आयपी अॅड्रेस (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) म्हणजे तुमच्या घराचा दरवाजा, हे मान्य करून टाका. चोरीची प्रत चालू झाली की ते सॉफ्टवेअर गुपचूप मालकाला कळवतं: अमुक वेळ, अमुक आयपी. कंपनीकडे तेवढंच असतं. आता आपला केबलवाला एका आयपीमागे अर्धं गाव बसवतो. त्यातलं नेमकं कनेक्शन शोधायचं तर वेळेसोबत पोर्ट नंबर (एका आयपीतल्या कनेक्शनचा उपक्रमांक) लागतो आणि केबलवाल्याची नोंद लागते. शिवाय आमच्या बाकावर बसून पॉलिटेक्निकचे पोट्टे स्वतःच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करतात, वायफाय दुकानाचं. हे सगळं तुम्ही सांगाल. कमिशनरसाहेब ते अहवालात एका ओळीत लिहून घेतील. साहेब सज्जन होते, कोर्टाने दिलेलं काम करत होते.

हार्ड डिस्कची नक्कल घेऊ लागले की मात्र मधे बोलू नका. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात, तिचा हॅश (आकडे-अक्षरांचा ठसा) काढतात, म्हणजे नंतर कोणी फेरफार केला तर कळावा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तो हॅश लिहावा लागतो. पद्धत चोख आहे. फक्त माझ्या डिस्कवर काय असतं ते ऐका. गावातल्या माणसांची आधार कार्डं. बँकेची पासबुकं. विधवा पेन्शनच्या अर्जासोबतचे मृत्यूचे दाखले. एका पोरीचं जात पडताळणीचं आख्खं प्रकरण, आजोबाच्या शाळेच्या दाखल्यासकट. कर्जमाफीच्या वेळी स्कॅन केलेले अंगठे. हे सगळं एका काळ्या डबीत उतरलं आणि गेलं. सीलबंद गेलं, कबूल. पण ज्या म्हातारीचा अंगठा त्यात आहे तिने कोणाचं सॉफ्टवेअर चोरलं? तिला कोणत्या कोर्टाने विचारलं? तिच्या वतीने तिथे कोण उभं होतं? मी "फक्त प्रोग्रामची यादी घ्या, फाइली सोडा" म्हणालो तर वकीलसाहेब हसले. हसले! माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पिऊन!

असो. सल्ला चालू ठेवू.

पाच संगणकांत ते सॉफ्टवेअर सापडलं नाही, म्हणून हरखून जाऊ नका. "पुसलं असेल" म्हणून दोन सीपीयू सील होतात. यूएसबीच्या तोंडावर कागदी पट्टी, तिच्यावर सही आणि शिक्का, आणि सुपूर्तनामा तुमच्याच नावाने. म्हणजे सामान तुमचंच, हात लावायचा नाही, उंदराने पट्टी कुरतडली तरी जबाबदार तुम्ही. आत भर सीझनच्या पत्रिका आहेत. वरबापाला ऑर्डर 39 समजावून सांगा.

आठवड्याने तडजोडीचं पत्र येईल. इतके परवाने विकत घ्या, दावा मागे घेतो. सोबत कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब ची आठवण: सात दिवस ते तीन वर्षं कैद, 50,000 ते 2 लाख दंड. हे कलम चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी आहे, हे पत्रात लिहायचं राहून जातं.

बस झालं. वकीलसाहेब, आता सरळ बोलतो. सॉफ्टवेअर तुमचं आहे, ते चोरणारा चोर आहे, त्याला धरा. पण आधी माझ्या केबलवाल्याकडची नोंद मागवायचा एक अर्ज करायला तुमचं काय गेलं असतं? ऑस्ट्रेलियात 2015 साली एका सिनेमावाल्या कंपनीने 4,726 आयपींमागची नावं कोर्टातून मागितली. तिथले न्यायाधीश म्हणाले, लोकांना काय पत्र पाठवणार ते आधी मला दाखवा. पुढे म्हणाले, 6 लाख डॉलर भरा, मग नावं. आपल्या दिल्ली उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने 2008 साली सांगितलंय, की माहिती पक्की नसेल तर कोर्ट फिर्यादीकडून आधी पैसे भरून घेऊ शकतं, म्हणजे काही सापडलं नाही तर कामाच्या खोळंब्याची आणि खासगीपणाची भरपाई त्या माणसाला देता येईल. तुम्ही किती भरले? आदेशात तर एक रुपया दिसत नाही. कोर्टासमोर "विश्वसनीय माहिती" म्हणून शपथेवर सांगितलंत, तेव्हा एका आयपीमागे अर्धं गाव असतं हे माहीत नव्हतं की सांगितलं नाही? लाज वाटू द्या थोडी.

परवाना मी घेणार नाही. ऑर्डर 39 रूल 4 खाली आदेश रद्द करायचा अर्ज तयार होतोय. त्यात पहिली मागणी त्या नकलांची आहे: म्हातारीचा अंगठा परत करा, आणि कोणी कोणी पाहिला ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या.