‘ऑलिम्पिक सोडून बाकी सगळा सराव’? मुळीच नाही

एखादी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तोंडावर आली किंवा कुणी डायमंड लीग, म्हणजे अॅथलेटिक्सची दरवर्षीची आंतरराष्ट्रीय मालिका, जिंकल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. खेळाडू किती मोठा हे फक्त ऑलिम्पिकमध्ये ठरतं. जगातले सगळे सर्वोत्तम एकत्र येतात ते तिथेच. मोठे विक्रमही तिथेच होतात. तिथे जो ढेपाळला त्याच्या बाकीच्या पदकांना अर्थ नाही. दोन ऑलिम्पिकच्या मधल्या वर्षांतल्या स्पर्धा म्हणजे सराव, नाहीतर पैशांचा खेळ.

ऑलिम्पिकवर माझं मनापासून प्रेम आहे. त्या दोन आठवड्यांत एरवी खेळाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं तिरंदाजीच्या एकेका बाणावर श्वास रोखून बसतात, आणि त्याचा मला आनंदच होतो. पण मी मधली वर्षंही तितक्याच आवडीने पाहणारा प्रेक्षक आहे, आणि वरचा एकेक दावा वस्तुस्थितीला धरून नाही हे ठामपणे सांगायला हवं.

सर्वोत्तम सगळे तिथेच येतात, या दाव्यापासून सुरुवात करू. ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक देशाला जागा मोजून मिळतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये टेबल टेनिसच्या एकेरीत पुरुष आणि महिला दोन्ही गटांतली सगळी पदकं चीनने नेली. त्यानंतर, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून, एका देशाचे एकेरीत दोनच खेळाडू, असा नियम आला. बाकीच्या देशांना संधी मिळावी हा हेतू चांगलाच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा परिणाम असा, की चीनचा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू जगात तिसरा असला तरी एकेरीत उतरू शकत नाही. चीनचा फान झेंडोंग २०१६ मध्येही जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला जात होता, पण रिओच्या एकेरीत तो नव्हता. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्यानेच एकेरीचं सुवर्ण जिंकलं. जागतिक स्पर्धेत चीनचे याहून जास्त खेळाडू एकेरीत खेळतात, म्हणून ती जिंकणं अनेकदा अधिक अवघड जातं. अॅथलेटिक्समध्येही ऑलिम्पिकला एका देशाचे एका प्रकारात तिघेच. जागतिक स्पर्धेत मात्र गतविजेत्याला वेगळा प्रवेश असतो, त्यामुळे एखाद्या देशाचे चौघेही उतरू शकतात.

इतिहासात थोडं मागे गेलं तर हा दावा आणखी लंगडा पडतो. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेसह साठाहून अधिक देशांनी बहिष्कार टाकला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये सोव्हिएत संघ आणि त्याचे बहुतेक मित्रदेश आले नाहीत. त्या काळात पूर्व आणि पश्चिमेचे धावपटू एका ट्रॅकवर समोरासमोर आले ते १९८३ मध्ये हेलसिंकीला, पहिल्या जागतिक अजिंक्यपद अॅथलेटिक्स स्पर्धेत. त्या चार वर्षांत जगात खरा अव्वल कोण हे शोधायचं असेल तर दोन्ही ऑलिम्पिकपेक्षा हेलसिंकीचे निकाल अधिक विश्वासाने सांगतात.

फुटबॉल, टेनिस, सायकलिंग यांचा विचार तर हा मजकूर लिहिणाऱ्याने केलेलाच दिसत नाही. पुरुषांचा ऑलिम्पिक फुटबॉल तेवीस वर्षांखालच्या संघांचा असतो आणि त्यात मोठ्या वयाच्या फक्त तिघांना जागा असते. तिथलं सुवर्ण विश्वचषकापेक्षा मोठं आहे, असं कुठलाही फुटबॉलपटू म्हणणार नाही.

आता विक्रम. ३० ऑगस्ट १९९१, टोकियो, लांब उडीची अंतिम फेरी. स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाची. कार्ल लुईस सलग ६५ स्पर्धा जिंकून आलेला. चौथ्या उडीत तो ८.९१ मीटरवर पडला. बॉब बीमनच्या १९६८ मधल्या ८.९० पेक्षा एक सेंटीमीटर पुढे, फक्त मागून येणारा वारा मर्यादेपेक्षा जास्त असल्याने विक्रमाच्या यादीत ती उडी धरली जाणार नव्हती. स्पर्धेत मात्र ती पूर्ण वैध होती, म्हणजे लुईस आघाडीवर. मग माइक पॉवेलची पाचवी उडी : ८.९५. वारा मर्यादेत. बीमनचा तेवीस वर्षांचा विक्रम मोडला. लुईसकडे अजून दोन उड्या होत्या आणि त्याने त्या ८.८७ आणि ८.८४ मारल्या. एकाच संध्याकाळी एका माणसाने इतक्या दूरच्या उड्या मारल्या आणि तरी तो हरला! लांब उडीची यापेक्षा मोठी लढत मला माहीत नाही. पॉवेलचा तो विक्रम आजही उभा आहे. आणि पॉवेलकडे ऑलिम्पिकचं सुवर्ण नाही, १९८८ आणि १९९२ ची दोन रौप्यपदकं आहेत. फिरत्या मजकुराच्या हिशेबाने ती संध्याकाळ सराव ठरते.

उसेन बोल्टचे ९.५८ आणि १९.१९ सेकंद हे दोन्ही विक्रम २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेतले. तिहेरी उडीतला जोनाथन एडवर्ड्सचा १८.२९ मीटर १९९५ च्या गोथेनबर्गमधल्या जागतिक स्पर्धेतला. मॅरेथॉनचे विक्रम तर गेली कित्येक वर्षं शहरांच्या मॅरेथॉनमध्येच होत आले आहेत, कारण ऑलिम्पिकमध्ये वेग धरून देणारे धावपटू नसतात आणि शर्यत बहुधा उन्हाळ्यात असते. (हे जागतिक अजिंक्यपदालाही लागू आहे, तेव्हा इथे ऑलिम्पिकला एकट्याला कमी लेखायचं कारण नाही.) ऑलिम्पिकमध्ये विक्रम होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. पॅरिसमध्ये पोल व्हॉल्टमध्ये (बांबूच्या आधाराने मारायच्या उंच उडीत) अर्मांड डुप्लांटिसने सुवर्ण नक्की झाल्यावर दांडी ६.२५ मीटरवर ठेवायला लावली आणि शेवटच्या प्रयत्नात ती पार केली, ते दृश्य विसरता येणार नाही. पण विक्रम फक्त तिथेच होतात हे साफ खोटं आहे.

जिम्नॅस्टिक्समधलं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. एखादी नवी कसरत नियमपुस्तकात स्वतःच्या नावाने नोंदवायची तर ती आधी कळवून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पडझड न होता करून दाखवावी लागते. सिमोन बाइल्सच्या नावावर अशा पाच कसरती आहेत. २०१३ मध्ये अँटवर्पला फ्लोअरवरची, २०१८ मध्ये दोहाला व्हॉल्टवरची, २०१९ मध्ये स्टुटगार्टला बीमवरची आणि फ्लोअरवरची, २०२३ मध्ये पुन्हा अँटवर्पला व्हॉल्टवरची. पाचही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत केलेल्या. खेळ पुढे नेणारं तिचं काम जिथे नोंदलं गेलं, ती स्पर्धा दुय्यम कशी म्हणायची?

‘तिथे ढेपाळला तो मोठा नाही’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो खेळाडूंवर अन्याय करतो. दडपण पेलणं हे कौशल्यच आहे, आणि चार वर्षांनी एकदाच मिळणाऱ्या संधीचं दडपण वेगळंच असतं, हे मान्य. पण सोव्हिएत संघाच्या आणि नंतर युक्रेनच्या सर्गेई बुबकाकडे पाहा. पोल व्हॉल्टमध्ये १९८३ ते १९९७ पर्यंत सलग सहा जागतिक विजेतेपदं, बंदिस्त सभागृहातले आणि खुल्या मैदानावरचे मिळून ३५ विश्वविक्रम. ऑलिम्पिकचं सुवर्ण एकच, १९८८ चं सोल. १९८४ ला त्याचा देशच गेला नाही. १९९२ ला बार्सिलोनात तो एकही उंची पार करू शकला नाही. १९९६ ला दुखापतीने माघार. २००० ला सिडनीत पुन्हा एकही उंची नाही. फक्त ऑलिम्पिकचा कागद हातात घेतला तर हा एकदा जिंकलेला आणि बाकी वेळा फसलेला खेळाडू दिसतो. प्रत्यक्षात चौदा वर्षं त्या खेळात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता.

पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून केलेला विक्रम २०१९ पर्यंत टिकला. २००५ मध्ये ती जगज्जेती झाली. ऑलिम्पिकचं एकही पदक तिच्याकडे नाही. भालाफेकीत योहानेस वेटरने २०२० मध्ये ९७.७६ मीटर भाला फेकला होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मात्र शेवटच्या आठांतही त्याला जागा मिळाली नाही. नीरज चोप्राच्या सुवर्णाचं मोल त्याने कमी होत नाही, त्या दिवशी नीरज सगळ्यांपेक्षा सरस होता. पण नीरज किती मोठा भालाफेकपटू आहे याचा पूर्ण हिशेब टोकियोच्या ८७.५८ मीटरमध्ये मावत नाही. २०२३ मध्ये बुडापेस्टला मिळवलेलं जागतिक अजिंक्यपद त्यात धरावं लागतं आणि २०२५ मध्ये दोहाच्या डायमंड लीगमध्ये ओलांडलेला नव्वद मीटरचा टप्पाही. दोहात तो दुसरा आला, तरी ९०.२३ ही फेक त्याच्या कारकिर्दीतला मैलाचा दगडच आहे.

अमेरिकेची स्कीइंगपटू मिकेला शिफ्रिन २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (उतारावर रोवलेल्या खांबांच्या गेट्समधून वळणं घेत जायच्या शर्यती) या आपल्या हक्काच्या दोन्ही प्रकारांत सुरुवातीच्या काही गेट्समध्येच बाहेर पडली. एक पदकही मिळालं नाही. त्याच मोसमात विश्वचषक मालिकेचं एकूण विजेतेपद तिचंच होतं. महिनोन् महिने, वेगवेगळ्या डोंगरांवर, कधी कडक बर्फावर तर कधी भुसभुशीत, शर्यतींमागून शर्यती करून गुण जमवायचे तेव्हा ते विजेतेपद हाती येतं. स्कीइंगमध्ये कोण श्रेष्ठ हे दोन मिनिटांच्या एका उतारावर ठरवायचं की पूर्ण मोसमावर, या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे : मोसमावर.

‘मधल्या स्पर्धा पैशांसाठी’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. ज्या खेळाडूची कारकीर्द दहा वर्षांत संपू शकते त्याने बक्षिसाची रक्कम घेणं हा दोष नव्हे. शिवाय पॅरिसमध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने ऑलिम्पिक विजेत्यांनाही प्रत्येकी ५०,००० डॉलर दिले, मग ती पदकं कमअस्सल झाली का? आणि ‘सराव’ म्हणाल, तर ऑलिम्पिकची जागाच मुळात या स्पर्धांतून मिळते. नेमबाजीत, कुस्तीत, तिरंदाजीत देशाचा कोटा जागतिक आणि खंडीय स्पर्धांत मिळवावा लागतो. अॅथलेटिक्समध्ये एकतर पात्रतेची वेळ किंवा अंतर गाठायचं, नाहीतर वर्षभराच्या स्पर्धांतून क्रमवारी. सरावाला कुणी कोटा देत नाही.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट या मजकुरात कुठेच येत नाही. ऑलिम्पिकमध्ये अख्खा खेळ नसतोच, त्यातला निवडून घेतलेला भाग असतो. कुस्तीच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक शैलीत दहा वजनी गट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहा. महिलांचे ५५, ५९, ६५, ७२ किलोचे गट तिथे नाहीत. म्हणजे ५५ किलोची जगज्जेती ऑलिम्पिकला जायचं तर वजन उतरवून ५३ ला येणार किंवा चढवून ५७ ला. आणि एका गटात देशाची एकच कुस्तीगीर. विनेश फोगटने २०१९ आणि २०२२ ची जागतिक कांस्यपदकं ५३ किलो गटात मिळवली होती. पॅरिसला तिला ५० किलोत उतरावं लागलं. ६ ऑगस्ट २०२४ ला पहिल्याच कुस्तीत समोर जपानची युई सुसाकी, आंतरराष्ट्रीय मॅटवर तोवर एकही कुस्ती न हरलेली. विनेश ०-२ ने मागे, शेवटची काही सेकंदं उरलेली, तेवढ्यात तिने सुसाकीला खाली आणलं आणि कुस्ती ३-२ ने घेतली. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि नियमाप्रमाणे ती शेवटच्या क्रमांकावर गेली. ऑलिम्पिकच्या निकालपत्रकात ती तशीच राहील. फक्त ते पत्रक वाचून विनेशची कुस्ती मोजणारा माणूस तिची कुस्ती पाहिलेला असूच शकत नाही.

मेरी कोमचं तेच. २००२ ते २०१० पर्यंत तिने पाच जागतिक विजेतेपदं मिळवली, तेव्हा महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. २०१२ ला आलं ते तीनच गटांसह : ५१, ६० आणि ७५ किलो. तोवर ४५ ते ४८ किलोंत जिंकत आलेल्या मेरीला ५१ मध्ये उतरून आपल्याहून थोराड मुलींशी लढावं लागलं, आणि तरी तिने कांस्य आणलं. कर्णम मल्लेश्वरी १९९४ आणि १९९५ मध्ये जगज्जेती होती, महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलं २००० साली. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिने १५०० मीटर फ्रीस्टाइलचं जागतिक विजेतेपद २०१३, २०१५ आणि २०१७ असं तीनदा घेतलं. मधल्या रिओ ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी ती शर्यतच नव्हती, ती सुरू झाली टोकियोत. या वर्षांत या खेळाडू जे करत होत्या त्याला सराव म्हणायचं, तर कशाचा सराव? समोर ऑलिम्पिकची शर्यतच नव्हती.

हेच आता तिरंदाजीत घडतं आहे. कंपाउंड धनुष्याच्या (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) जागतिक स्पर्धा १९९५ पासून होत आहेत. ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येणार २०२८ ला, लॉस एंजेलिसमध्ये, आणि तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. कंपाउंडचा वैयक्तिक जगज्जेता त्यानंतरही जागतिक स्पर्धेतच ठरेल.