‘तिकडे असलं चालत नाही’

फेब्रुवारी उजाडला की आमच्या बारावी सायन्सच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतोच. शाळेची मागची भिंत, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी पोरं, आत भिरकावलेल्या चिठ्ठ्या, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘बोर्डाची परीक्षा सुरू झाली वाटतं.’ मग थोडा वेळ हसणं, मग थोडा वेळ संताप, आणि शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळतं. "काय गं, तुमच्या जर्मनीत चालतं का असलं?" उत्तर त्यांनीच आधी ठरवलेलं असतं. तिकडे असलं चालत नाही. तिकडे तर मंत्र्यालासुद्धा राजीनामा द्यावा लागतो.

मंत्र्याचं खरं आहे. २०११ च्या मार्चमध्ये गुटेनबर्ग नावाचे संरक्षणमंत्री गेले ते पीएचडीच्या प्रबंधात उचलेगिरी केली म्हणून. इंटरनेटवर जमलेल्या अनोळखी लोकांनी त्यांचा प्रबंध पानापानाने तपासला होता. त्यानंतर दोन वर्षांनी शिक्षणमंत्री आनेट शावान यांचा नंबर लागला. त्यांचा प्रबंध १९८० सालचा, म्हणजे पदवी गेली ती ३३ वर्षांनी. प्रबंधाचा विषय होता माणूस आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. आपल्याकडे हे कुणी नाटकात घातलं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, जरा जास्तच झालं.

त्या राजीनाम्याच्या वेळी, २०१३ च्या फेब्रुवारीत, मला इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून, पुण्यातली दोन वर्षांची नोकरी सोडून मास्टर्सला आलेली मी. ट्रॅममध्ये समोरच्या माणसाच्या पेपरात पहिल्या पानावर शिक्षणमंत्री बघून मला उगाचच अभिमान वाटला होता. देश निवडला तो बरोबर निवडला!

पुढच्याच सेमिस्टरला माझी वेळ आली.

एका विषयाला परीक्षेऐवजी घरून करायचा प्रकल्प होता. धातूच्या पट्टीतून उष्णता कशी पसरते त्याचा संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा आणि पंधरा पानी अहवाल द्यायचा. प्रत्येकाने एकट्याने. अहवालाच्या शेवटच्या पानावर इथे एक प्रतिज्ञा असते : हे काम मी स्वतः केलं आहे, वापरलेल्या सगळ्या साधनांचा उल्लेख केला आहे. खाली गाव, तारीख, सही. मला ते पान फार आवडायचं. आपल्याकडे जर्नलवर ‘सर्टिफाइड’चा शिक्का मारतात कॉलेजवाले, इथे आपला शब्द आपण द्यायचा.

वर्गातला एक मुलगा, इथलाच, अधूनमधून माझ्या शेजारी बसायचा. मला व्याख्यानातलं वेगवान जर्मन कळायचं नाही तेव्हा तो वहीत शब्द लिहून द्यायचा. मुदतीला तीन दिवस असताना त्याने माझी फाइल मागितली. त्याचं गणित कुठेतरी अडलं होतं आणि त्याला नुसतं बघायचं होतं. मी दिली. नाही कशी म्हणणार?

आता एक कबुली. प्रोग्रॅममध्ये नावं द्यायची वेळ आली की मी मराठीवर यायचे, अजूनही येते. अक्षरं रोमन, शब्द आपले. ‘तापमान’, ‘लांबी’, आणि जे तुकडे मलाच नीट समजले नव्हते त्यांना ‘गोंधळ१’, ‘गोंधळ२’. देण्याआधी साफसफाई करू म्हणून ठेवलेलं, ते राहूनच गेलं.

दोन आठवड्यांनी प्राध्यापकांच्या खोलीत आम्हाला दोघांनाही बोलावलं. टेबलावर दोन प्रिंट शेजारीशेजारी होते. त्याच्या प्रोग्रॅममध्ये सगळी नावं बदललेली होती, जर्मन केलेली होती. ‘गोंधळ२’ मात्र तेवढा राहून गेला होता, पिवळ्या मार्करने रंगवलेला. प्राध्यापकांनी त्याला विचारलं, "हे गोंडाल म्हणजे काय?" तो म्हणाला, संक्षेप आहे. कशाचा ते काही सांगता येईना. मला विचारलं. मी अर्थ सांगितला. प्राध्यापक हसले, मी पण हसले. मला वाटलं, संपलं, सत्य बाहेर आलं.

त्यांनी त्याला बाहेर पाठवलं आणि मला समजावायला सुरुवात केली. शांतपणे, सभ्यपणे, अहोजाहो करून. हे परीक्षा समितीकडे पाठवलं तर दोघांचीही नावं जातील, कारण फाइल तुम्ही दिली आहे. त्याचा या विषयातला हा शेवटचा प्रयत्न आहे, नापास झाला तर अभ्यासक्रमातूनच बाहेर जाईल. मग वकील येतील, प्रशासकीय न्यायालय होईल. आणि मग, अगदी समजूतदारपणे, "तुमच्याकडे एकमेकांना मदत करायची संस्कृती आहे, हे मला माहीत आहे."

दोघांनाही २.० मिळाले. इथे १.० म्हणजे उत्तम आणि ५.० म्हणजे नापास. म्हणजे चोराला आणि चोरी झालेल्याला सारखेच, आणि तेही बरे गुण. प्रतिज्ञेच्या पानाचा विषय निघालाच नाही.

मला राग गुणांचा आला नाही. ‘गोंधळ२’ हा त्या मुलाविरुद्धचा पुरावा होता. त्या खोलीत दहा मिनिटांत तो माझ्या संस्कृतीचा पुरावा झाला. शिवाय त्याच्या चुकीला त्याचं नाव होतं, त्याची अडचण होती, त्याचा शेवटचा प्रयत्न होता. माझ्या चुकीला सबंध देश होता.

त्या संध्याकाळी मला आठवले ते गावाकडचे सर. २००६ साली बारावीच्या गणिताच्या पेपरला माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा मायक्रो झेरॉक्सच्या पट्ट्या मांडीवर ठेवून लिहीत होता. मायक्रो झेरॉक्स म्हणजे काय हे आमच्याकडच्या वाचकाला सांगायला नको, गाइडची पानं आगपेटीत मावतील एवढी बारीक करून देणारं दुकान कॉलेजच्या फाटकासमोरच असायचं. पेपर सुटल्यावर मी सरांना सांगितलं. गणित त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मला त्यानंतर भेटलेला नाही, जर्मनीतसुद्धा. ते म्हणाले, "तुझा पेपर बरा गेला ना? मग झालं तर. दुसऱ्याच्या ताटात कशाला बघतेस?"

त्या वाक्याने मला वर्षभर पोखरलं. खूप नंतर, ते निवृत्त झाल्यावर मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. आदल्या वर्षी एकाला पकडून दिलं होतं, तर रात्री दहा-बारा जण दारात. संस्थेतून निरोप वेगळाच : निकाल पडला तर पोरं दुसरीकडे जातील, तुकडी टिकणार नाही, दोन मास्तर अतिरिक्त होतील. त्यातले एक सर स्वतःच असते. "मी घाबरलो बाई," एवढंच म्हणाले, आणि चहा थंड होईपर्यंत गप्प बसले.

दोन्ही गुरुजींनी मला एकच सांगितलं, जाऊ दे. पण सरांच्या दारात माणसं आली होती. प्राध्यापकांच्या दारात फार तर एक चार पानी फॉर्म आला असता. म्हणून मी सरांना माफ केलं आहे आणि प्राध्यापकांना अजून नाही. हे न्याय्य नसेलही.

तर ग्रुपवरच्या मंडळींना मी काय सांगते? सांगते की इथेही पहिली प्रतिक्रिया ‘जाऊ दे’ हीच असते. गुटेनबर्ग प्रकरणात चॅन्सेलर मर्केल यांचा सुरुवातीचा पवित्राच असा होता की मी मंत्री नेमला आहे, संशोधन सहायक नाही. फ्रान्सिस्का गिफाय या बाईंचा प्रबंध सदोष निघाला तेव्हा २०१९ मध्ये बर्लिनच्या विद्यापीठाने नुसती समज देऊन पदवी तशीच ठेवली होती. ओरड थांबेना म्हणून पुन्हा चौकशी झाली. २०२१ च्या मे महिन्यात त्यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं, जूनमध्ये पदवी गेली आणि डिसेंबरमध्ये त्या बर्लिनच्या महापौर झाल्या. हे सांगितलं की ग्रुपवर शांतता पसरते. परदेशातली माणसं आपल्यासारखीच आहेत हे ऐकायला कुणाला परदेशातली मैत्रीण नको असते.

आणि तरीही फरक आहे. इथे मधली पायरी आहे. प्राध्यापकांनी ती वापरली नाही, पण ती होती, कागदावर, नियमात. फसवणूक सिद्ध झाली तर त्या एका परीक्षेत ५.०. प्रयत्न शिल्लक असेल तर पुढच्या वेळी पुन्हा दे. तुरुंग नाही, पोलीस नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. शिक्षा छोटी असल्यामुळे द्यायला हात धजावतो.

आपल्याकडे मात्र चर्चा कायम दोन टोकांवर. एक टोक, ‘पोराचं वर्ष वाया जाईल’. दुसरं टोक, टाका आत. विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली, तिचं आम्हा शेजारच्या जिल्ह्यातल्यांना केवढं अप्रूप वाटलं होतं. नंतर भरारी पथकं आली, बैठी पथकं आली, सीसीटीव्ही आले, आता ड्रोनही. २०२४ मध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा गदारोळ झाला, त्याच जूनमध्ये केंद्राचा नवा कायदा लागू झाला : टोळीने केलेल्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड. टोळ्यांसाठी तो हवाच होता, माझं काही म्हणणं नाही. पण मांडीवर पट्टी ठेवणारं पोर आणि ते बघून खिडकीबाहेर तोंड करणारे मास्तर यांच्यामध्ये जे घडतं तिथे ड्रोन पोचत नाही. २०२१ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात पुणे पोलिसांनी अटक केली ती थेट परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना. शिक्षक होण्याच्या परीक्षेत! त्यावर ग्रुपवर विनोद झाले. आमच्यातले दोघे स्वतः शिक्षक आहेत, त्यांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही.

उच्च शिक्षणात यूजीसीने २०१८ साली पायऱ्या केल्या खऱ्या. प्रबंधातली उचल दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून पुन्हा द्या, साठपर्यंत एक वर्ष थांबा, साठच्या वर नोंदणीच रद्द. कल्पना चांगली. परिणाम असा की पुण्यात पीएचडी करणारी माझी मावसबहीण आनंदाने फोन करते, "ताई, माझं नऊ टक्के आलं!" ताप उतरल्यासारखं.

या सगळ्या ‘जाऊ दे’ची किंमत भरतात ते भलतेच. २०२२ च्या नोव्हेंबरपासून जर्मनीत शिकायला येणाऱ्या भारतीय मुलांना व्हिसाच्या आधी एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे गुणपत्रिका खऱ्या आहेत का याची तपासणी. माझ्या आतेभावाने १८ हजार रुपये भरून ते घेतलं. बनावट गुणपत्रिका त्याने केली नव्हती. ती कुणी केली असेल, तेव्हा कुठल्या टेबलावरच्या माणसाने ‘जाऊ दे’ म्हटलं असेल, देव जाणे.

गेली चार वर्षं नोकरी सांभाळून मी इथल्या एका कॉलेजात आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेचा तास घेते. दोन वर्षांपूर्वी दोन अहवाल शेजारीशेजारी आले. आकडे सारखे, दशांशासकट. एका मुलीने मूळ फाइल आणि तिच्या तारखा दाखवल्या. दुसऱ्या मुलाचं आडनाव वाचूनच मला कळलं होतं तो कुठला ते. तो खोलीत आला, दार लोटलं आणि मराठीत बोलायला लागला. "ताई, तुम्ही तर आपल्या आहात." बाबांनी जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं आहे, ब्लॉक अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच बँकेत भरून ठेवलेले खर्चाचे पैसे संपत आलेत, रात्री गोदामात पार्सलं लावतो. सगळं खरं असणार. मी ते सगळं ऐकलं, पाणी दिलं, आणि त्याच्यासमोर फॉर्म भरला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी नंतर मला विचारलं की हे आपसात मिटवता आलं नसतं का. फॉर्म, खुलासे आणि बैठक यात दोन महिने गेले. त्याला त्या विषयात ५.० मिळाले. मुलीचे गुण तसेच राहिले, हे मी फॉर्ममध्ये वेगळं लिहून मागितलं होतं. पुढच्या सेमिस्टरला त्याने प्रयोग पुन्हा केले आणि स्वतः लिहून २.७ मिळवले. अहवाल मी वाचला, दोन ठिकाणी चुकलेला होता, त्याच्याच चुका.

ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा मतं दुभंगली. एकीने लिहिलं, परदेशात जाऊन आपल्याच माणसाला बुडवलंस. सरांपर्यंतही ते कुणीतरी पोचवलं. त्यांचा उलट निरोप आला नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो मुलगा पंगतीत वाढायला होता. आमटीचं पातेलं घेऊन तो ओळीने येत होता. माझ्यापाशी आल्यावर त्याने डाव शेजारच्या मुलाच्या हातात दिला आणि भात आणायला आत गेला. आमटी मला त्या दुसऱ्या मुलाने वाढली. चांगली झाली होती, मी दोनदा घेतली.