ढीग कमी होताना दिसला पाहिजे

निसर्गचित्रं आणि रेशमी बाटिक (मेणानं नक्षी झाकून रंगवलेलं कापड) विकून आलेले पैसे नदीसाठी किंवा एखाद्या वस्तीशाळेसाठी देणाऱ्या चित्रकारांवरून आपल्याकडे वाद झाला, की दोन आक्षेप हमखास येतात. चित्रं विकून नद्या स्वच्छ होत नाहीत, हा पहिला. रासायनिक रंग वापरणाऱ्यांनी पर्यावरणाच्या गोष्टी करू नयेत, हा दुसरा. इथे जर्मनीत लोक आधी तिसरंच विचारतात: पैसे नेमके कुठे गेले? रंगाच्या पातेल्याची चौकशी मात्र चित्र विकत घेणारा सहसा करत नाही. मला दोन्ही प्रश्न हवेत, एकाच चित्राबद्दल.

पहिला आक्षेप टिकत नाही. १८७१मध्ये चित्रकार थॉमस मोरान सरकारी पाहणी पथकाबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेले. त्यांची जलरंगातली चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सन यांची छायाचित्रं अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे ठेवली गेली आणि मार्च १८७२मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. एकट्या चित्रांनी हे घडलं असं कोणी म्हणणार नाही. पण कधी न पाहिलेला प्रदेश त्या लोकांच्या डोळ्यांसमोर आला तो त्यांच्यामुळे.

जर्मनीतल्या कासेल शहरातलं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. १९८२मध्ये जर्मन कलाकार योझेफ बॉइस यांनी तिथे ७,००० झाडं लावायला घेतली. प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाचा, एक खांब. हे सगळे खांब आधी संग्रहालयासमोर ढीग करून टाकले होते. ५०० मार्कांची (तेव्हाचं जर्मन चलन) देणगी आली की एक झाड लागायचं आणि ढिगातला एक दगड हलायचा. काम किती उरलंय हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळायचं. १९८७मध्ये ते पुरं झालं तेव्हा बॉइस हयात नव्हते, तरी हिशेब थांबला नाही.

आता रंगांचं. ‘नैसर्गिक रंगच वापरा’ म्हणणाऱ्यांनी बाटिकची अडचण समजून घ्यायला हवी. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पॅराफिन बहुधा त्याच्याही आधी. मंजिष्ठेचा लाल रंग रेशमावर चांगला चढायला साधारण तेवढीच ऊब लागते, म्हणजे रंग चढेपर्यंत नक्षी पाण्यावर तरंगू लागते. नीळ थंड पाण्यात चढते, म्हणून बाटिकशी तिचं जमतं. पण तिचं पाणी अल्कधर्मी असतं आणि रेशमाला ते सोसत नाही. थोडा थोडा वेळच बुडवायचं आणि शेवटी पाण्यात जरासं व्हिनेगर घालून खळबळायचं. रंगबंधकाकडे, म्हणजे रंग कापडावर धरून ठेवणाऱ्या क्षाराकडे, तर कोणाचं लक्षच नसतं. १०० ग्रॅम रेशमाला १० ते १५ ग्रॅम तुरटी पुरते. तिच्या जागी मोरचूद वापरलं तर रंग झाडपाल्याचा असूनही सांडपाणी माशांना विषारी ठरतं.

कृत्रिम रंग सगळे सारखे नसतात. घातक अमाइन (कर्करोगाचा धोका असलेली रसायनं) सोडणाऱ्या अॅझो गटातल्या कृत्रिम रंगांवर जर्मनीनं १९९०च्या दशकात बंदी घातली, भारतानंही. युरोपात अशा अमाइनची मर्यादा कापडाच्या किलोला ३० मिलिग्रॅम आहे. थंड पाण्यात चढणारे रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग बाटिकला सोयीचे, मात्र कापडानं न धरलेला रंग धुताना वाहून जातो आणि फिरोजी छटेत तांबंही असतं. म्हणून कापड बुडवण्यापेक्षा ब्रशनं रंग लावावा: पाणी कमी लागतं, रंगही कमी वाया जातो.

मेण ११५ ते १२० अंशांवर ठेवावं. लावताक्षणी रेशीम तेलकट कागदासारखं पारदर्शक दिसलं तर मेण आत मुरलं. पांढरट थर वर बसला तर ते थंड होतं आणि रंग त्याच्याखाली शिरणारच. धूर यायला लागला तर आच आधीच जास्त झालीय. पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही. मेण काढताना कापड कोऱ्या कागदांत ठेवून इस्त्री करावी. उरलेलं मेण गरम पाण्यात सुटतं, पण ते पाणी मोरीत ओतलं तर पाइपात गोठतं. पाणी निवू द्यावं, वर जमलेली साय काढून पुढच्या कामाला वापरावी.

तैलरंगातल्या निसर्गचित्रांचं सोपं आहे: टर्पेंटाइन झाकून ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पुन्हा वापरा.

राहिले पैसे. ‘विक्रीतून मदत’ हे शब्द फार मोघम आहेत. विक्रीच्या रकमेतून की नफ्यातून? चित्रदालनाचं कमिशन आधी वजा केलं की नंतर? प्रत्येक चित्रामागे एक चिठ्ठी हवी: चित्र कितीला गेलं, रेशीम आणि चौकटीला किती लागले, चित्रकारानं स्वतःच्या मेहनतीचे किती ठेवले (ते त्यानं ठेवायलाच हवेत), पुढे किती दिले आणि कोणाला. खाली दुसरी ओळ: रंग कोणता, बंधक कोणतं, उरलेलं मेण कुठे गेलं.